भिंगरीच्या नावापुढचा ‘ब’

६ सप्टेंबर

काकू,

आधी नमस्कार, कारण आई मागे उभी राहून बघतेय. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतेस, म्हणून लिहिते.

बातमी वाईट आहे. मला नववी केलं. इयत्ता नव्हे, इयत्ता सातवीच आहे. सॉफ्टबॉलमध्ये बॅटिंगला नववी. शाळेत नवीन कोच मॅडम आल्यात. त्यांनी काल फळ्यावर यादी लावली. गेल्या वर्षी मी चौथी होते. चौथी म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू काकांच्या घरात राहिलीस. आधीच्या तिघींतली कुणीतरी बेसवर जाऊन उभी असते, चौथीनं चेंडू असा हाणायचा की सगळ्या पळत घरी, तितक्या धावा. आता चौथी कोण, तर शिडी. ती यंदाच आली, माझ्याहून वीतभर उंच, आणि चेंडू मारला की स्वतःच ‘सॉरी’ म्हणते.

मी शेवटी. वर माझ्या एकटीच्या नावापुढे ‘ब’ लिहिलाय. ब म्हणजे बदली, असं सगळ्याच म्हणाल्या. म्हणजे कुणाचा पाय मुरगळला तरच मी. मुंगी, जी पहिली खेळते, ती माझी समजूत काढायला आली आणि म्हणाली, “अगं, कदाचित ब संघ असेल.” तिच्याशी मी बोलत नाही.

काका म्हणाले होते, मी चौथी. तुझ्या स्वयंपाकघरात मोज्यांचा चेंडू करून खेळत होतो तेव्हा. तुझ्याकडे त्यांच्या कार्डांचा पत्र्याचा डबा आहे ना? त्यात ते कुठेतरी लिहिलेलं असणार. ते कार्ड पाठव, मी मॅडमना दाखवते. काकांनी बावीस वर्षं मुलींना सॉफ्टबॉल शिकवला. मॅडमना येऊन दोन महिने झालेत.

काकांचा ग्लोव्ह अंगठ्यापाशी उसवलाय. तो वेगळ्या पार्सलनं पाठवलाय. शिवून दे.

तुझी (चौथी)
भिंगरी

&nbsp;

११ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं पत्र आणि ग्लोव्ह एकाच दिवशी आले. ग्लोव्ह आधी उघडला. आतून अजून त्यांच्या हाताचाच आकार आहे, तुझा हात त्यात पाहुण्यासारखा राहत असणार. कारखान्यातून जाड दोरा आणलाय. आम्ही बॅगांच्या पट्ट्यांना वापरतो तो. रविवारी शिवते.

डब्याचं म्हणशील तर त्याची किल्ली सापडत नाही. सापडली की बघेन.

तोवर मला जे माहीत आहे ते सांगते. तुला ठाऊक आहे, तुझे काका छापखान्यात होते. कोपरे कापून उरलेली कार्डं घरी आणायचे आणि त्यांवर मुलींची नावं लिहायचे. सामन्याच्या आदल्या दिवशी जेवणं झाली की टेबल पुसून नऊ कार्डं ओळीनं मांडायचे आणि मला म्हणायचे, “लाव बघू तू.” मी तीन वर्षं शाळेत गेलेली बाई. वाचायला शिकले ती त्या कार्डांवर आणि छापखान्यातल्या चुकून उलट्या-तिरक्या छापलेल्या पानांवर. अजूनही एखादं पुस्तक अगदी बिनचूक छापलेलं असलं की मला परक्याच्या घरी बसल्यासारखं होतं.

पहिल्यांदा मी नववी जागा सगळ्यात कच्च्या मुलीला दिली. ते हसले नाहीत. म्हणाले, “नववीनंतर कोण येतं?” मी म्हटलं, कुणी नाही, संपलं. म्हणाले, “पहिली येते. गोल आहे ते, रांग नाही. नववी म्हणजे पहिलीच्या आधीची.” नववी बेसवर गेली तर मागून येणाऱ्या मुंगीला कुणीतरी पुढे ढकलायला मिळतं. नववी कच्ची ठेवली तर दर फेरीत माळ तिथेच तुटते.

आणि ‘ब’चं काय ते मॅडमनाच विचार. एका अक्षराचे पन्नास अर्थ. आठजणींना विचारलंस आणि जिनं लिहिलं तिला सोडलंस.

काकू

&nbsp;

१७ सप्टेंबर

काकू,

ग्लोव्ह मिळाला. शिवण इतकी बारीक आहे की मुंगी म्हणाली नवीन घेतलास का. (हो, बोलते तिच्याशी. तिनं माफी मागितली नाही, पण चिक्की दिली.)

मॅडमना विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नाही. मंगळवारी सगळ्या फटके मारत होत्या आणि मला एकटीला बाजूला घेऊन मॅडमनी तासभर बंट करायला लावलं. आईला बंट कळत नाही म्हणून मी तिला जे सांगितलं तेच तुला सांगते: बॅट फिरवायचीच नाही. एक हात वर सरकवायचा, बॅट आडवी धरायची आणि चेंडूला नुसता टेकू द्यायचा. तो पुढ्यातच पडून मरतो. तो उचलून तुला आउट करेपर्यंत बेसवरची मुलगी एक बेस पुढे जाते. म्हणजे आपण मरायचं आणि दुसरीनं पुढे जायचं. आई म्हणाली, “यात नवीन काय? रोजचंच आहे.”

ज्यांना मारता येत नाही त्यांना बंट देतात, काकू. सगळ्यांना माहीत आहे. वर मॅडम म्हणाल्या, “तुझा हात मऊ आहे.” सगळ्यांसमोर. शिडीपण हसली. नंतर सॉरी म्हणाली.

बोटाला लागलंय, त्यामुळे अक्षर असं आहे.

मी राजीनामा लिहिलाय. शाळेतला अर्ज असतो तसा, ‘महोदया’पासून. महिनाअखेरीला देणार. नंतर स्पर्धेची नावं जातात, मग काढता येत नाही. तू सांग, काका खोटं बोलले का? मला बरं वाटावं म्हणून चौथी म्हणाले का? तसं असेल तर सरळ सांग. मी आता लहान नाही.

किल्ली सापडली का?

भिंगरी

&nbsp;

२२ सप्टेंबर

भिंगरे,

डब्याला कुलूपच नाही. बिस्किटांच्या डब्याला कुठलं कुलूप? मी तुला खोटं सांगितलं. ते गेल्यापासून दोन वर्षं तो कपाटावर होता. धूळ पुसायची आणि परत तिथेच ठेवायचा, एवढंच करत होते. उघडला असता तर त्यांचं अक्षर दिसलं असतं. फोटो बघता येतो मला. अक्षर बघवत नाही, कारण फोटोतला माणूस गप्प असतो.

तुझं पत्र वाचून रविवारी दुपारी उघडला. तू विचारलंस म्हणून.

आधी मऊ हाताचं. आमच्याकडे नवीन बाई कामाला आली की सुपरवायझर तिचे हात बघतो. कडक हात असतील तर जाड पट्ट्या, तळाचे तुकडे. मऊ हाताच्या बाईला पातळ कातडं देतात, कारण सुई ढकलली की ते फाटतं. ढकलायचं नसतं, कातडं जेवढं वाट देईल तेवढंच जायचं. अख्ख्या खात्यात तसे हात दोघींचे आहेत. मॅडमनी तुला सगळ्यांसमोर पातळ कातडं दिलं आणि तू रडत घरी आलीस.

आता कार्डं. बावीस वर्षांच्या मुली आहेत त्यात. रबरबँडं वितळून चिकटलीत, सुरीनं सोडवली. त्यात एक गठ्ठा वेगळा निघाला, त्यावर ‘घर’ असं लिहिलेलं. आपल्या घराची टीम. पहिली माझ्या सासूबाई: ‘यांना कुणीही आउट करू शकत नाही.’ सातवे तुझे बाबा: ‘उशिरा येतील.’ नववी शेजारच्यांची मांजर: ‘पळते चांगली, सांगितलेलं ऐकत नाही.’ तिसरे ते स्वतः. आणि चौथी तू. तारीखही आहे, तू दहाची असतानाची. तेव्हा काका खोटं बोलले नाहीत. फक्त कुठल्या टीममध्ये ते सांगायला विसरले.

दुसरी मी आहे. माझ्या नावापुढे ‘ब’ आहे.

हे कार्ड मी पूर्वी पाहिलं होतं. ते मांडत असताना वरून डोकावून. तेव्हा मला वाटलं, ब म्हणजे बायको. मनातल्या मनात खूश होऊन भांडी घासायला गेले. आता तुझं पत्र शेजारी ठेवून बघितलं. दुसऱ्या जागेवर कोण असते ते मला बावीस वर्षं पाठ आहे. पहिलीला पुढे सरकवणारी. बंट करणारी.

खरं सांगू? राग आला. दहावीला बाहेरून बसायचं म्हणून मी पुस्तकं आणली होती, त्याच वर्षी तुझे बाबा शिकायला आमच्याकडे राहायला आले, सासूबाईंनी अंथरूण धरलं, आणि पुस्तकं माळ्यावर गेली. मला कुणी जबरदस्ती केली नाही. पण कुणी विचारलंही नाही. तो बंट मी आपणहून दिला की माझ्याकडून घेतला गेला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि ते बघत होते, हे तर मला ठाऊकच नव्हतं.

आता कुणाला विचारू? भिंत बोलत नाही. बावीस वर्षांत मी त्यांच्या मैदानावर एकदाही गेले नाही. माझी पाळी सहाला सुटायची. ते ‘ये’ म्हणाले नाहीत, मी ‘येऊ का’ म्हटलं नाही. दोघांनाही वाटत होतं, राहिलंय पडून, जाऊ कधीतरी.

म्हणून तुला सांगते. राजीनामा द्यायचा तर दे, पण आधी त्या बाईकडे जा आणि विचार, ब म्हणजे काय, आणि मीच का. तुझी माणसं अजून उत्तर देण्याजोगी आहेत. कारण सांगून मागितलेला बंट वेगळा आणि न सांगता काढून घेतलेला वेगळा. पहिला दे. दुसरा देऊ नकोस.

काकू

&nbsp;

२९ सप्टेंबर

काकू,

विचारलं. राजीनामा खिशात ठेवून विचारलं, म्हणजे उत्तर वाईट आलं तर लगेच देता येईल.

मॅडम चेंडू मोजत होत्या. मी म्हटलं, “ब म्हणजे बदली का?” त्या म्हणाल्या, “बदलीला मी राखीव लिहिते.” मी म्हटलं, “मग बंट?” त्या म्हणाल्या, “नाही गं. ब म्हणजे बघू.”

काकू, बघू. त्यांचं ठरलंच नव्हतं. मी म्हटलं, असं कुणी फळ्यावर लिहितं का? तर म्हणाल्या, स्वतःला आठवण राहावी म्हणून लिहिलं, पुसायचं राहिलं. तीन आठवडे! मी तीन आठवडे रडतेय आणि यांचं पुसायचं राहिलं.

मग मीच का, तेही विचारलं. त्या खाली पायरीवर बसल्या आणि काडीनं मातीत गोल काढला, तू सांगितलास तोच. म्हणाल्या, “शिडीला फक्त मारता येतं. तिला चौथीच ठेवावी लागते, दुसरीकडे ती उपयोगाची नाही. तुला मारता येतं आणि टेकवताही येतं. तू उभी राहिलीस की समोरच्यांना कळता कामा नये की यातलं काय येणार. मला शेवटाला अशी मुलगी हवी.” मी म्हटलं, “मग खूण कोण करणार, बंट की फटका?” तर म्हणाल्या, “बघू.” मी बघितलंच त्यांच्याकडे. मग म्हणाल्या, “तू बघायचंस. मैदान बघायचं आणि तू ठरवायचं. बाकी आठजणींना मी खूण करते.”

राजीनामा आता ग्लोव्हमध्ये अंगठ्याच्या जागी घातलाय. बोट सैल होत होतं, आता बरोबर बसतं.

तुझ्या कार्डाचं. मला त्यातलं एक माहीत आहे. काका मला मोज्यांच्या चेंडूनं बंट शिकवत होते तेव्हा मी विचारलं होतं, काकूला बंट करायला सांगितलं तर करेल का? तू ओट्यापाशी होतीस, नळ चालू होता. काका म्हणाले, “तिला खूण करायची माझी हिंमत नाही. ती काय करते ते मी नुसतं बघतो.”

म्हणजे तुझा ‘ब’पण तोच आहे. बघ.

भिंगरी (नववी)

&nbsp;

४ ऑक्टोबर

भिंगरे,

पत्र तीनदा वाचलं. एकदा बसमध्ये, एकदा जेवणाच्या सुट्टीत, एकदा घरी.

तू दहा वर्षांची होतीस. नळ चालू होता हेसुद्धा तुला आठवतं, आणि वाक्य असं अगदी माझ्या कार्डावर बसेल असं निघालं, याचं मला नवल वाटतं. तुला सगळीकडे विचार म्हणून मागे लागले मी, पण हे एक मी तुला विचारणार नाही.

वाक्य त्यांचं वाटतं, एवढं नक्की. मैदानावर पंचांशी भांडायचे, असं म्हणतात. घरात मीठ कमी पडलं तरी सांगायची हिंमत नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी बोटाला पट्टी गुंडाळ. बॅट धरलेल्या हाताची बोटं मागे ठेव, चेंडूच्या बाजूला येऊ देऊ नकोस. एवढं मलाही माहीत आहे आणि तुला लागलं कसं?

काकू

&nbsp;

१९ ऑक्टोबर

काकू,

तिसरा नंबर. शनिवारचा उपांत्य सामना हरलो, सहा-एक, त्याबद्दल कुणी बोलायचं नाही असं ठरलंय. हा रविवारचा, तिसऱ्या नंबरासाठीचा. बघायला लोक म्हणशील तर आमच्या आया, समोरच्या संघातल्या मुलींचे बाबा, आणि एक माणूस जो चुकीच्या मैदानावर आला होता पण थांबला.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बेसवर कुणीच नव्हतं. म्हणून सरळ हाणला. उंच गेला, पार मागे, आणि तिथल्या मुलीनं झेलला. आउट. पण काकू, काय आवाज आला बॅटचा. दुसऱ्यांदा पण हाणला आणि बेसवर गेले. मग मुंगीनं मला पुढे ढकललं, शिडीनं मला घरी आणलं. ती धावता धावता कुणाला तरी सॉरी म्हणत होती.

शेवटची फेरी. चार-चार. आमची आठवी मुलगी तिसऱ्या बेसवर पोचलेली, म्हणजे एकच मजल आणि घर. एक आउट. आणि माझी पाळी.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. खरंच, काकू. खिशात.

मग मी मैदान बघितलं. आधी दोनदा मी जोरात मारलं होतं ना, त्यामुळे सगळ्या मागे सरकून उभ्या. पहिल्या बेसची मुलगी मागे, तिसऱ्या बेसचीपण मागे. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, पुढ्यात एवढी मोठी मोकळी जागा, आपल्या जुन्या अंगणाएवढी. आणि मला एकदम कळलं, इथे हवाय. कुणी सांगितलं म्हणून नाही. शेवटच्या क्षणापर्यंत फटक्यासारखी उभी राहिले आणि मग हात वर सरकवला. तू म्हणतेस तसं, ढकललं नाही. चेंडू माझ्या पुढ्यात पडला आणि बसला. मांजर बसते तसा. पिचर पळत आली तोवर आमची आठवी घरी पोचली होती.

मी आउट झाले की नाही ते कुणी बघितलंच नाही. मी पहिल्या बेसवर एकटीच उभी होते, आणि सगळ्या तिकडे घरापाशी उड्या मारत होत्या. एक क्षण वाईट वाटलं. खरं सांगते. मग शिडी एकटी उलटी पळत आली माझ्याकडे. यावेळी सॉरी म्हणाली नाही.

फळ्यावरचा ‘ब’ मॅडम पुसायला लागल्या होत्या. मी म्हटलं, राहू दे.

भिंगरी

ता. क. ते काकांचं वाक्य. निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते विचारू नकोस.

&nbsp;

२४ ऑक्टोबर

भिंगरे,

मला निम्मंच ऐकू येतं हे तुला ठाऊक आहे. जे चांगलं आहे ते ऐकलं.

तुझं पत्र कारखान्यात नेलं होतं. माझ्या शेजारच्या मशीनवरचीला वाचून दाखवलं, तिनं पलीकडच्या दोघींना सांगितलं, आणि तू पहिल्या बेसवर एकटी उभी राहिलीस तिथे चार मशिनं बंद पडली. सुपरवायझर ओरडत आला. मी त्याला तुझा गोल काढून दाखवला. त्याला कळला नाही, पण परत गेला.

काल परत ‘घर’चा गठ्ठा मांडला. नऊ कार्डं ओळीनं, ते मांडायचे तशी. सासूबाईंचं कार्ड पहिलं. त्यांना अखेर आउट केलं, पण पाळी पूर्ण खेळून गेल्या, त्यांचं मला काही नाही. तिसऱ्या कार्डापाशी थांबले. तुझ्या काकांचं कार्ड मी काढलं नव्हतं, कुठलंच जागचं हलवलं नव्हतं, दोन वर्षं. तुमच्या खेळाच्या नियमांतला एक मला पाठ आहे, कारण मी एकदा कार्ड हरवलं होतं आणि त्यांनी समजावून सांगितलं होतं. यादीतली जागा रिकामी राहिली तर दर फेरीला ती आली की पंच आउट देतो. कुणी खेळो न खेळो. मी बसून मोजलं, या दोन वर्षांत माझ्या किती फेऱ्या अशा गेल्या ते. मग मोजणं सोडून दिलं.

तिसरी जागा तुला दिली. चौथी रिकामी झाली, ती शिडीला. तिला घरी घेऊन ये एकदा, सॉरी म्हणायची सवय आमच्या नळाखाली धुऊन जाईल. पहिल्या जागी मुंगी. चिक्की देऊन भांडण मिटवणारं माणूस घरात हवंच. त्यांची आणि सासूबाईंची कार्डं डब्यात वर ठेवलीत, झाकण उघडलं की दिसतील अशी.

दुसरी मीच. माझ्या नावापुढचा ‘ब’ खोडला नाही. बायको तर मी होतेच. बंट दिले तेही खरं, त्यांतले काही मी आता मैदान बघून देईन, काही देणार नाही. माळ्यावरून पुस्तकं काढलीत. दहावीची आहेत, उंदरांनी भूगोल खाल्लाय, बाकी शाबूत.

तुमचा सराव रविवारी सकाळी असतो, असं तू पहिल्या कुठल्याशा पत्रात लिहिलं होतंस की मी भलतंच वाचलं, देव जाणे. बस स्टँडवरून मैदान कुठल्या बाजूला ते आईला विचारून कळव. बसायला काही असतं का तिथे, की उभं राहायचं, तेही. रविवारी मला सुट्टी असते, पूर्वीही असायची.

तू लगेच लिहिशील, “नक्की ना, की बघू?”

बघू नाही. येते.

काकू